चौऱ्याऐंशी नंबरची प्लेट

"वाच," तात्या म्हणाले.

मी टेपकडं पाहिलं. टेपची कोरी बाजू वर होती आणि आकड्यांची बाजू खाली. तात्यांनी एक टोक मशिनच्या पुढच्या जाड पोलादी पाटाला टेकवलं होतं, दुसरं मागच्या पाटाला, आणि डोळे बारीक करून त्या कोऱ्या पट्टीकडं असे रोखून पाहत होते, की त्यांना आकडा केव्हाच दिसलाय आणि आता फक्त माझी परीक्षा चाललीय असं कुणालाही वाटावं.

मी वाकलो आणि मान वाकडी करून खालून वाचलं. "तीनशे आठ."

"पुन्यांदा वाच. घाई नगं."

"तीनशे आठच हाय, तात्या."

"मग लिव्ह."

मी वहीत लिहिलं. हात लिहीत होता, पण लक्ष त्या उलट्या टेपवर होतं. गेलं वर्षभर तात्या प्रत्येक मापाला मला 'वाच' म्हणत होते. गेजचा काटा वाच, डब्यावरचं लेबल वाच, बोल्टवरचा नंबर वाच. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती, म्हणून मला वाटायचं, म्हातारा अजून मला शिकवतोय. त्या दिवशी कळलं, की म्हातारा माझ्या डोळ्यांनी काम करतोय.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली. आमच्या दुष्काळी तालुक्यात एकच कारखाना होता, तो म्हणजे दूध संघाचा प्लांट. ज्ञानदेव लोहार तिथले हेड फिटर. सगळे त्यांना ज्ञानूतात्या म्हणत. मी नेताजी चिखले, त्यांच्या खालोखालचा. प्लांटचं काळीज म्हणजे पाश्चरायझर, आणि तो वर्षातून एकदा खोलायचा ही रीत. बाहेरून बघाल तर दोन जाड पोलादी पाट आणि त्यांच्यामध्ये लांब बोल्टांनी आवळलेल्या शहाण्णव प्लेटा. प्लेट स्टीलची, पुरुषभर उंचीची, पोस्टकार्डापेक्षा फार जाड नसेल. तिच्या एका अंगानं कच्चं दूध वाहतं आणि दुसऱ्या अंगानं तापवून निर्जंतुक केलेलं. मधल्या पत्र्यातून ऊब पलीकडं गेली पाहिजे आणि दुधाचा थेंबही जाता कामा नये, एवढाच सगळा खेळ. प्लेटेला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं, तरी खेळ संपला.

दोन दिवसांची मुदत होती. तेवढ्यात बोल्ट सोडायचे, प्लेटा काढायच्या, कॉस्टिकनं आणि ॲसिडनं धुवायच्या, प्रत्येक तपासायची, रबराच्या जुन्या पट्ट्या काढून नव्या बसवायच्या आणि पुन्हा आवळायच्या, त्या नेमक्या तीनशे आठ मिलिमीटरवर. सैल राहिलं तर गळतं, जास्त आवळलं तर प्लेटा चेमटतात.

अकराच्या चहाला आम्ही धुण्याच्या टाकीमागं बसलो. मी विषय काढला.

"तात्या, डोळ्याला काय झालंय?"

"कुनाच्या?"

"माझ्या तर न्हाय."

त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी हातानं चाचपून कपाखाली सारली. "मोतीबिंदू," ते म्हणाले. "उजव्यानं धुक्यातल्यावानी दिसतंय. डाव्यानं नुसता उजेड. मिरजेला दाखवलं, तर डाक्टर म्हनतोय, पिकूं द्या, मग काढू."

"आन् म्यानेजर इंगवले सायबाला?"

"त्याला सांगितलं तर उद्या सकाळी मला गेटवर बसवील." तात्या माझ्याकडं वळले, पण नजर माझ्या कानाच्या जरा बाजूला लागली होती. "तेहतीस वर्सं मशिनीवर काढली, नेत्या. ही मशिन आली तवा पेटीतनं मी भाईर काढली. सात म्हैनं ऱ्हायल्यात. शेवटाला गेटवर बसून येनाऱ्या-जानाऱ्याला सलाम ठोकू व्हय?"

मी माझा कप विसळला.

"कुनाला सांगू नगंस."

"न्हाय सांगत."

"आन् काम माझं बगून घे. माझं बोट अजून खोटं बोलत न्हाय. पर तरीबी बगून घे."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी ती मूठ माझ्या हातात घेतली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवलं, एका बोल्टाचा आटा मारला म्हणून अख्ख्या प्लांटसमोर कान पिळला, त्याला आता माझी गरज लागली होती.

आता आमची एक रीत सांगायला हवी. पाश्चरायझरच्या सगळ्या प्लेटा एकाच साच्यातल्या असतात. फक्त एक सुलटी लावायची, तिच्या शेजारची डोकं खाली करून उलटी, मग पुन्हा सुलटी. खोलताना प्रत्येकीच्या कोपऱ्यावर मार्करनं नंबर टाकायचा. एक, तीन, पाच या सुलट्या. दोन, चार, सहा या उलट्या. तात्यांनी वाटणी कधीचीच ठरवून टाकली होती, सुलट्या त्यांच्या आणि उलट्या माझ्या. दोन थप्प्या, प्रत्येकी अठ्ठेचाळीस. ही वाटणी कागदावर कुठंच नव्हती. कागदावर फक्त 'शहाण्णव प्लेटा तपासल्या' आणि खाली दोन सह्या.

तपासायची पद्धत सोपी आहे. धुऊन वाळवलेल्या प्लेटेच्या एका अंगाला लाल औषध फवारायचं आणि थांबायचं. औषध पातळ असतं, केसाएवढ्या भेगेतही शिरतं. वीस मिनिटांनी, पत्रा गार असेल तर अर्ध्या तासानं, दुसऱ्या अंगाला पांढरी भुकटी मारायची. भोक असेल तर पांढऱ्यावर लाल ठिपका उमटतो. मधली वाट बघणं हेच खरं काम. तात्या म्हणायचे, फवारायला कुनीबी येईल, फिटर तो ज्याला बसून ऱ्हाता येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत तात्यांच्या सगळ्या अठ्ठेचाळीस तपासून झाल्या होत्या. भुकटी मारून ते प्रत्येक प्लेट नाकाजवळ आणत, मग अंगठा आडवा फिरवत, मग पुढची. माझ्या चौतीस झाल्या होत्या, चौदा राहिल्या होत्या. तात्या भाकरी खाऊन शेडमध्ये पोत्यावर आडवे झाले आणि मी त्यांची थप्पी उचलली.

एकेक प्लेट उन्हाकडं तिरकी धरून पाहिली. सतरा नंबरला सापडला. मोहरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका, रबराच्या खाचेला लागून. तात्यांचा अंगठा तिथून दोन बोटं वरून गेला असणार. मी ती प्लेट बाजूला काढली, स्टोअरमधून नवी आणली, तीही तपासली, तिच्यावर सतरा लिहिलं आणि थप्पीत ठेवून दिली. मग पुढच्या सगळ्या दोन-दोनदा पाहिल्या. दीड तास गेला. पाठ दुखत होती, पण छाती फुगली होती. माझ्यावाचून आज काय अनर्थ झाला असता, असं मी मनाशी म्हणत होतो. असला मोठेपणा माणसाला फार महागात पडतो, पण तो अंगात येतो तेव्हा गोडच लागतो.

दोन वाजता इंगवले साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घड्याळाशिवाय त्याला दुसरं काही दिसत नसे.

"चिखले, थप्प्या अजून खालीच?"

"थोडं ऱ्हायलंय, साहेब."

"थोडं म्हणजे किती? चारला मशिनमधून पाणी फिरलं पाहिजे. सहाला संध्याकाळचं दूध येतंय. दोन दिवस दुसऱ्या संघाच्या दारात टँकर उभे केलेत मी, तिसऱ्या दिवशी ते हाकलून देतील. तात्या कुठायत?"

"तात्यांचं झालंय, साहेब. माझंच ऱ्हायलंय."

"मग तुलाच उशीर का?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. साहेब गेले. मी माझ्या उरलेल्या चौदा प्लेटा ओळीनं भिंतीला टेकवल्या, सत्तर नंबरपासून शहाण्णवपर्यंतच्या, आणि सगळ्यांना लाल फवारलं. जानेवारीतली सावली, पत्रा हाताला थंड लागत होता. अर्धा तास थांबायला हवं होतं. मी पाच मिनिटं थांबलो. फार तर सहा. मग पांढरं मारलं. सगळ्या स्वच्छ निघाल्या. तात्यांसाठी गेलेला वेळ मी माझ्या प्लेटांतून वसूल केला.

तात्या डोळे चोळत आले. "तुझ्या झाल्या?"

"झाल्या."

"समद्या नीट?"

"समद्या."

त्यांनी माझ्या थप्पीवरून हात फिरवला, पण अंगठा लावला नाही. माझ्या कामावर अंगठा लावायचं त्यांनी चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. आम्ही प्लेटा टांगल्या, आवळल्या, मी माप वाचलं, चारला पाणी फिरलं आणि कुठंही ठिबकलं नाही. तात्यांनी मशिनला हात लावून तो कपाळाला लावला. वहीत दोन सह्या झाल्या.

त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी मुलींच्या वसतिगृहाचं स्नेहसंमेलन होतं. संघानं दरवर्षीप्रमाणं वेलची दुधाच्या पिशव्या फुकट दिल्या. एरवी आपल्याकडं दूध घरी नेऊन उकळतात, म्हणून संघाच्या कितीतरी चुका पोटात जातात. पण पिशवीतलं गार वेलची दूध मुलींनी कोपरा फाडून तसंच प्यायलं. रात्रीपासून जुलाब आणि ताप. त्रेचाळीस मुली तालुक्याच्या दवाखान्यात, त्यातल्या आठ जिल्ह्याला. सात परत आल्या. आठवी हिरा दडस, चौथीतली, मेंढपाळाची पोर. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली.

प्लांटमध्ये ही बातमी आली तेव्हा मी पंपाची सील बदलत होतो. मी सील तशीच बदलून संपवली. तपासणीत निघालं, की निर्जंतुक दुधात कच्चं दूध मिसळतंय. म्हणजे प्लेट. दुसरी जागाच नाही.

जिल्ह्याहून एक तपासणी साहेब आले. मशिन खोला म्हणाले. तात्या पुढं झाले, तर साहेबांनी हात आडवा केला. "एकानंच करायचं. मी बघतोय."

"नेत्याला करू द्या," तात्या म्हणाले आणि तीन पावलांवर स्टूल ओढून बसले. ते चार दिवस धड जेवले नव्हते. ते काय विचार करतायत ते मला दिसत होतं. आंधळ्यानं तपासलेल्या प्लेटा, दुसरं काय असणार.

आणि मीही तोच विचार करत होतो, हे सांगायला हवं. मनाला मी पक्कं बजावलं होतं, की त्यांच्याच थप्पीत निघणार. दोनदा पाहिल्या असल्या तरी एखादी निसटली असेल. माझ्याकडून दया होऊन गेली आणि त्यांच्याकडून चूक.

या खेपेला मी अर्धा तास थांबलो. दहा-दहा प्लेटांची ओळ लावून, प्रत्येक ओळीला. लाल औषधाचा वास डोक्यात जातो. तपासणी साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते, ऐंशीपर्यंत टिकले, मग "दोन मिनिटात येतो" म्हणून व्हरांड्यात गेले. इंगवले साहेब केबिनमध्ये फोनवर होते.

त्र्याऐंशीवर पांढरं मारलं. काही नाही. चौऱ्याऐंशीवर मारलं. बघता बघता मधोमध एक लाल टिंब उमटलं, आणि पसरत हरभऱ्याएवढं झालं.

मी कोपऱ्यातला आकडा वाचला. पुन्हा वाचला. चौऱ्याऐंशी. उलटी. भिंतीला टेकवलेल्या चौदातली आठवी.

"निघाली का?" तात्यांनी विचारलं. माझा श्वास त्यांना ऐकू गेला असणार.

"थांबा," मी म्हणालो. "पुसून बगतो."

माझ्या हातात पुसायच्या औषधानं भिजलेलं फडकं होतं. मी चौऱ्याऐंशीचा आकडा पुसला. त्र्याऐंशीचा पुसला. दोन्ही प्लेटा फिरवल्या, सुलटीची उलटी आणि उलटीची सुलटी. एकाच साच्यातल्या, कुणाला काय कळणार. खिशातला मार्कर काढला आणि नवे आकडे टाकले. पत्रा जमिनीवर घासला त्याचा आवाज झाला.

"काय करतुयास?"

"पुसतोय."

मिनिटभराचंही काम नव्हतं. तात्या तीन पावलांवर बसून सगळा वेळ माझ्याकडंच बघत होते.

"कितवी?" ते म्हणाले.

"त्र्याऐंशी."

"नीट बग, नेत्या."

"त्र्याऐंशीच हाय, तात्या."

त्यांनी दोन्ही गुडघे हातांनी धरले. मग तपासणी साहेबांची पावलं वाजली तेव्हा स्टुलावरून उठले. इंगवलेही केबिनमधून आले होते.

"सायेब," तात्या म्हणाले, "लिव्हून घ्या. सुलट्या प्लेटा माझ्याकडं असत्यात. ही माझी हाय. मला दिसत न्हाय. वरीस झालं. ह्ये कुनाला ठावं न्हाय, मी कुनाला सांगितलं न्हाय."

इंगवले माझ्याकडं वळले. "तुला माहीत होतं?"

तात्यांनी मला वाचवायला आधीच भिंत बांधून ठेवली होती. मी तिच्या आड उभा राहिलो.

"न्हाय," मी म्हणालो.

पुढं कैक वर्षं मी स्वतःला समजावलं. मी चौतिसाचा, ते सत्तावन्नाचे. त्यांचे सहा महिने उरले होते, माझी चोवीस वर्षं. माझ्या घरात दोन लेकरं, त्यांची पोरं हाताशी आलेली. हा सगळा शहाणपणा नंतरचा. त्या मिनिटात डोक्यात भीती होती आणि दुसरं काही नव्हतं. मी भ्यालो आणि ज्याला दिसत नव्हतं त्याच्या गळ्यात बांधून मोकळा झालो.

तात्यांना घरी बसवलं. निरोप समारंभ नाही, नारळ नाही. केस झाली, तारखा पडत राहिल्या आणि शेवटी विझली. गावात मात्र विझली नाही. कट्ट्यावरची माणसं त्यांच्यामागं म्हणायची, आंधळ्याच्या हातात चूल दिली, घर जळणारच. मी तिथं असलो तर ओठ मिटून घ्यायचो. मी हेड फिटर झालो. नंतरची चोवीस वर्षं तो पाश्चरायझर मीच खोलला, आणि अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास थांबत राहिलो. माझ्या हाताखालचे मला चिकट म्हणत. निवृत्त झालो तेव्हा माझ्या सचोटीवर भाषणं झाली.

तात्यांना जाऊन आता सोळा वर्षं झाली. त्यांना मी कधीच सांगितलं नाही. सांगण्याची एकच खरी वेळ आली होती, तेवढी सांगतो आणि थांबतो.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यांचा मोतीबिंदू पिकला आणि मिरजेला शिबिरात ऑपरेशन झालं. नेलं मीच. आठवड्यानं पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. तात्यांनी माझ्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. "वाळलास की रं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता मला एका ठिकानी न्हे. दोन वर्सं जायाचं हुतं. पर दिसत नसताना कुनाच्या दारात जाऊन काय उपेग. ज्येच्यापुढं हात जोडायचा त्येचं तोंड तरी बगाय पायजे."

मला कळलं, कुठं. मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. माळावर पाच-सहा घरांची वस्ती होती, बाभळीचं कुंपण, एका बाजूला मेंढरांचा वाडा. बिरू दडस खाटेचा सुंभ आवळत बसला होता. त्याची बायको बायजाक्का दारात शेणी थापत होती. आम्ही नाव सांगितलं. बिरूचे हात थांबले.

तात्या खाटेपर्यंत गेले नाहीत. अंगणाच्या कडेला, उन्हात, मातीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ज्या मशिनीचं दूध हिरा पेली, ती माझ्याकडं हुती," ते म्हणाले. "मला दिसत नव्हतं आन् मी ते दडवून ठिवलं. माझ्या हातनं झालं. शिव्या द्या, मारा, काय करायचं त्ये करा. मी तेवढ्यासाठी आलोय."

बिरू म्हणाला, "आता मारून काय हुतंय?" बायजाक्का शेणाचे हात तसेच धरून उभी होती. रडत नव्हती. तात्यांच्या चष्म्याकडं बघत होती.

"आता दिसतंय?" तिनं विचारलं.

"दिसतंय."

"दोन वर्सं आदी काडला असतासा डोळा, तर."

"व्हय," तात्या म्हणाले.

मी मोटारसायकलला टेकून उभा होतो. बिरूनं माझ्याकडं हात केला. "आन् ह्यो?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. शब्द जिभेवर होते. पण माझ्याआधी तात्या बोलले.

"ह्यो नेताजी. माझ्या हाताखाली शिकला. निम्म्या प्लेटा माझ्याकडं हुत्या, निम्म्या ह्याच्याकडं. ह्याची एकबी खोटी निघाली न्हाय. ह्याच्यावर राग धरू नगा. मला पोचवाय आलाय त्यो." हे बोलताना त्यांच्या आवाजात दोन वर्षांत पहिल्यांदा थोडा जीव आला होता. सगळ्या सत्यानाशात त्यांच्यापाशी अभिमान धरायला एवढीच एक जागा उरली होती, आणि ती मी होतो.

माझं तोंड मिटलं.

बिरूनं खाट झटकली. "बसा की," तो मला म्हणाला. "उनात का हुबा?"

मी सावलीत खाटेवर बसलो. बायजाक्कानं हात धुतले, आत गेली आणि पितळेचा एक पेला घेऊन आली. एकच. तो तिनं तात्यांच्या शेजारून आणून माझ्यासमोर धरला.

"शेरडीचं हाय," ती म्हणाली. "भ्याऊ नगा, दोनदा उकळलंय. आता न उकळता आमी कुनालाच देत न्हाय."

"नको, आक्का."

"घ्या. तुमी कशाला उपाशी? तुमचा काय दोस?"

मी तात्यांकडं पाहिलं. ते उन्हातून, त्या जाड भिंगांतून, माझ्याकडंच बघत होते.

"घे रं," ते म्हणाले. "माउली देतीया."

पेला रिकामा व्हायची वाट बघत ती समोर उभी होती. मी दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात प्यायलो.